फेब्रुवारीतले खांदे

पोर्थ गेलिनमधल्या एकतीस घरांचे आकडे
मला तोंडपाठ आहेत.
दाराशेजारी छोटी काळी पेटी, पेटीत किल्ली,
आकडा बहुतेक कुणाच्या तरी मुलीचं जन्मसाल.
त्या मुली मी कधी पाहिल्या नाहीत.
त्यांचे मोरीत अडकलेले केस तेवढे काढलेत,
दर शनिवारी, दहा ते चार,
जुने पाहुणे गेल्यावर, नवे यायच्या आत.

जुलैत इथं पाव मिळत नाही,
गाडी वळवायला जागा नाही.
ऑक्टोबरात शेवटचा माणूस
शेवटची खिडकी लावून जातो.
मग संध्याकाळी
अख्ख्या उतारावर सहा दिवे.
मी मोजते. वाईट सवय आहे.

सहावा इदवालचा होता.

तो फेब्रुवारीत गेला. आणि वेल्समधल्या आमच्या या गावात
चॅपलपासून दफनभूमीपर्यंत सगळा चढ,
गाडी जात नाही, पेटी खांद्यावरच न्यायची.
सहा जण लागतात.
एमिर आणि त्याचा भाऊ. पोस्टातला ह्यू, कंबरेला पट्टा बांधून.
ब्रिस्टलहून आलेला मुलगा टेगिड.
पाचवी मी. कुणी काही बोललं नाही.
सहावा कोण, म्हणून सगळे रस्त्याकडे बघत राहिलो,
जसं काही समुद्रातून कुणी चालत येणार होतं.

आला तो हॅलम.
पाइप फुटला म्हणून दोन दिवसांसाठी आलेला, वरच्या घरात.
त्या घराचं नाव टान-अ-व्रॉन, टेकडीच्या छातीखालचं.
त्यानं ते काढून सीगल कॉटेज केलं.
जुन्या नावाची पाटी, काळ्या दगडाची,
तो चीज कापायला वापरतो.
दर शनिवारी मी ती घासते.
अक्षरांत अडकलेला चुरा
जुन्या टूथब्रशनं काढावा लागतो.
नऊ वर्षं त्याच्या गुड मॉर्निंगला
मी उत्तर दिलेलं नाही.

खांदा द्यायला मात्र तो न सांगता पुढे झाला.
आमच्या सगळ्यांपेक्षा हातभर उंच,
त्याच्या बाजूनं पेटी कलायला लागली,
तर माणूस गुडघे वाकवून चालला,
पूर्ण चढ, गारा तोंडावर घेत.
मी मागून त्याचे पाय थरथरताना पाहिले.
राग कुठे ठेवावा कळेना, दोन्ही हात गुंतलेले.

नंतर चहा. हॅमचे सँडविच.
त्यानं कप खाली ठेवला, आवाज उतरवला,
म्हणाला, घराचं आता काय होणार?
मला वाटलं, आला मुद्द्यावर.
तोंड उघडणार, तोच टेगिडनं आकडा सांगितला.
थांबलाही नाही.
बापाच्या बुटांना लागलेली माती
अजून ओली होती, त्याच्याच पायात.
हॅलम आकडा ऐकून गप्प झाला.
इतका मोठा की त्यालाही परवडेना.

घर लंडनच्या कुणीतरी घेतलं.
एप्रिलात काळी पेटी लागली. बत्तीसावी.
तेही काम मीच घेतलं,
नाही म्हटलं असतं तर भाडं कशातून भरणार होते?
भाडं म्हणजे एमिरच्या गोठ्यामागच्या कॅरॅव्हॅनचं.
इस्टरला तीही रिकामी करायची असते. पाहुणे येतात.

शनिवारी हॅलम अजून निघाला नव्हता.
उजवा खांदा चोळत म्हणाला, तुझाही दुखतोय?
मी म्हटलं, हो.
नऊ वर्षांतला पहिला शब्द. इतका स्वस्तात गेला.

पाटी सिंकमध्ये पडली होती.
ओल्या हातानं उचलून त्यानं विचारलं,
याचा उच्चार कसा?
सांगितला. तो चुकला.
पुन्हा सांगितला. पुन्हा चुकला,
ओठ मात्र मनापासून हलवत होता.
तिसऱ्यांदा नाही सांगितला.
साडेअकरा झाले होते,
अजून चार घरं व्हायची होती.